काळ्या रंगात उमटलेल्या चेतापेशी

अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, न रंगवलेला पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर फारसे काही उलगडत नाही. मात्र इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या प्रक्रियेने मोजक्याच चेतापेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शाखांसकट, आणि ही अपुरी वाटणारी निवडकताच वरदान ठरली. १८८८ मध्ये बार्सिलोनात सांतियागो रामोन इ काहाल यांनी पक्ष्यांचा लहान मेंदू असाच रंगवला, तेव्हा एका पेशीचे तंतू दुसरीच्या देहाभोवती टोपलीसारखे विणलेले दिसले, पण तिच्यात मिसळलेले कोठेच आढळले नाहीत. म्हणजेच चेतासंस्था हे अखंड जाळे नसून सुट्या पेशींची रचना आहे.

लहान मेंदूतील या पेशींमध्ये सर्वांत देखणी पुर्किन्ये पेशी होय. तिच्या वृक्षिका, म्हणजे संदेश ग्रहण करणाऱ्या शाखा, भिंतीवर चढवलेल्या वेलीप्रमाणे जवळजवळ एकाच प्रतलात पसरतात. त्यांना काटकोनात छेदून जाणारे समांतर तंतू तिच्याशी लाखभर जोडण्या करतात, तर आरोही तंतू, म्हणजे शाखांना बिलगून वर चढणारा तंतू, प्रौढावस्थेत सहसा एकच असतो.

१९०६ चे नोबेल गॉल्जी व काहाल या दोघांना विभागून मिळाले, तरी गॉल्जी आपल्या व्याख्यानातही अखंड जाळ्याच्या कल्पनेच्याच बाजूने बोलले. दोन पेशींमधील सुमारे २० नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली ती १९५० च्या दशकात.