दुसऱ्याची जपमाळ आपल्या हातीं

सोलापुरासारख्या शहरांत हिंदु, लिंगायत, मुसलमान, प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक मुलें एकाच बाकावर बसतात. स्नेह जुळला म्हणजे वही-पेन्सिलीप्रमाणें धर्माच्या वस्तूही हातोहात फिरूं लागतात. परीक्षा जवळ आली कीं, एखादा विद्यार्थी कॅथॉलिक मित्राकडून मरियेचें पदक मागून घेतो. दुसरा जपमाळ खिशांत घालून पेपरास जातो. मग घरीं प्रश्न निघतो कीं, कॅथॉलिक नसलेल्यानें त्यांच्या प्रार्थना म्हणाव्या काय? त्यांच्या पवित्र वस्तु बाळगाव्या काय? पालकांची ही शंका रास्त आहे; म्हणून तिचा थोडा विचार करूं.

प्रथम खुद्द कॅथॉलिक मंडळी काय म्हणते तें पाहूं. तिच्या १९८३ च्या धर्मसंहितेंतील ११७० व्या कलमाप्रमाणें धर्मगुरूचे आशीर्वाद मुख्यतः कॅथॉलिकांसाठीं असले तरी, विशेष मनाई नसल्यास, ते इतरांसही देतां येतात. १९१७ च्या संहितेंतही असाच नियम होता. मात्र ११७१ व्या कलमांत एक अट आहे. उपासनेसाठीं आशीर्वादित केलेली वस्तु खासगी मालकीची असली तरी ती आदरानेंच वागविली पाहिजे. भलत्या कामास लावूं नये.

व्यवहारही या नियमास धरूनच आहे. मुंबईस वांद्र्याच्या मौंट मेरीची जत्रा सप्टेंबरांत भरते, तेव्हां हिंदु व पारशी भाविकही मेणाचे हात-पाय वाहून नवस फेडतात. माहीमच्या सेंट मायकेल मंदिरांत १९४८ पासून दर बुधवारीं नोव्हेना होतो. त्यासही सर्व धर्मांचे लोक जातात. तेथें कोणी कोणाची जात वा धर्म पुसत नाहीं.

परंतु मिस्सा या उपासनेंत दिलें जाणारें ख्रिस्तशरीर मात्र, थोडे अपवाद सोडल्यास, कॅथॉलिकांसच मिळतें. हा भेद कां? आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपुराचें उदाहरण घ्या. तुकोबांचा अभंग कोणीही गावा. पण गळ्यांत तुळशीची माळ घातली म्हणजे मद्यमांस वर्ज्य करण्याचें व वारीचें व्रत पत्करलें. लिंगायतांचें इष्टलिंगही दीक्षेनें मिळतें; तें हौसेचा अलंकार नव्हे. त्याचप्रमाणें ख्रिस्तशरीर घेणें म्हणजे "मी या मंडळीचा आहें" असें सर्वांसमक्ष कबूल करणें होय. जो मंडळींत नाहीं, त्यानें तसें कबूल करणें खरेपणाचें होणार नाहीं.

आतां प्रार्थनांविषयीं. प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. ती सर्व ख्रिस्ती पंथांची आहे. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकाच्या पहिल्या अध्यायांतील देवदूत व अलीशिबा यांच्या वचनांवरून घेतला आहे. उत्तरार्धांत मात्र मरियेनें आपल्यासाठीं विनंती करावी असें मागणें आहे, आणि येथेंच प्रॉटेस्टंट अडखळतो. कारण देव व मनुष्य यांमध्यें ख्रिस्तावांचून दुसरा मध्यस्थ नाहीं असें तो मानतो. मुसलमान मुलास मरियेचें नांव परकें नाहीं. कुराणाच्या १९ व्या सूरेस तिचेंच नांव आहे. तरीही मनास न पटणारे शब्द मित्राच्या भिडेखातर कोणीं म्हणूं नयेत.

जपमाळ हिंदूंची, तसबीह मुसलमानांची, तशी कॅथॉलिकांची माळ ५९ मण्यांची. दहा-दहा मण्यांचे पांच भाग करून, ओठांवर प्रार्थना चालू असतां ख्रिस्ताच्या जीवनांतील एकेका प्रसंगाचें चिंतन करावयाचें, हा तिचा उपयोग. ती ताईत नव्हे. अभ्यास न करितां माळ खिशांत ठेवणारा माळेचा मान राखीत नाहीं व स्वतःलाही फसवितो. तिला ताईत समजणें हें कॅथॉलिक शिकवणीसही अमान्य आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगूं: मित्राची माळ हातीं घेण्यापूर्वीं तिचा अर्थ त्यासच विचारा. आईवडिलांपासून ती लपवूं नका; जी गोष्ट लपवावी लागते ती भक्ति राहत नाहीं. ती गळ्यांत शोभेसाठीं घालूं नका, थट्टेसाठीं तर मुळींच नको. आणि पालकांस विनंती ही कीं, मुलाच्या दप्तरांत असें पदक सांपडल्यास तें रागानें फेकूं नये. तें कोणाच्या तरी आईनें श्रद्धेनें दिलेलें असेल. मुलास जवळ बसवून त्याच्या मनांत काय आहे तें विचारावें, आणि नको असल्यास तें आदरानें परत पाठवावें. दुसऱ्याच्या पवित्र वस्तूस जो जपतो, त्यालाच आपल्या धर्माचीही खरी किंमत कळली आहे असें आम्ही समजतों.