जुना फिश टँक पुन्हा वापरताना

वापरलेल्या फिश टँकबरोबर तीन गोष्टी नव्या घरात येतात: क्षारांचा थर, आधीच्या माशांचे रोगजंतू आणि वापराची झीज. पांढरा थर डोळ्यांत भरतो, म्हणून बहुतेकांची मेहनत त्याच्यावरच खर्च होते. मासे मात्र मरतात ते बहुधा उरलेल्या दोन गोष्टींमुळे. तिन्हींवर एकच उपाय, म्हणजे साबण लावून खसाखसा घासणे, हा सर्वांत रूढ आणि सर्वांत वाईट. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या साबणाचा अंश सिलिकॉनच्या कडांत आणि स्पंजात राहतो व माशांच्या कल्ल्यांवरचे नाजूक आवरण खराब करतो.

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात नवी टाकी घ्यायची तर भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते, आणि परतीच्या प्रवासात काच सांभाळावी लागते. त्यामुळे कुणाच्या तरी माळ्यावर पडून असलेली टाकी स्वस्तात मिळाली, तर ती घेणे शहाणपणाचेच. फक्त पैसे देण्याआधी काचेच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे. कोपऱ्याचा लहानसा टवका चालतो. काचेत आत शिरलेली तड्याची रेघ चालत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. काच आणि गोटे धरून हे वजन 75 किलोच्या घरात जाते आणि ते सगळे सिलिकॉनच्या पातळ सांध्यांवर तोललेले असते. वर्षानुवर्षे कोरडी पडलेली टाकी या सांध्यांतूनच गळते. म्हणून ती आधी अंगणात, सपाट जागी, खाली थर्माकोल घालून काठोकाठ भरावी आणि दोन दिवस तशीच ठेवावी. टाकीखाली कोरडा कागद पसरला की बारीक पाझरही लपत नाही.

गळती निघालीच तर वरून सिलिकॉनचा लेप देऊन भागत नाही, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. त्या सांध्याच्या आतल्या बाजूचे जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून, काच स्पिरिटने पुसून मगच नवे भरावे लागते. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना विषारी ठरते. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन चालते. तो वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, टाकीत पाणी भरू नये.

काचेवरचा पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. बोअरचे जड पाणी आटत जाते तसा तो पाण्याच्या रेषेवर साचतो. व्हिनेगरमध्ये किंवा किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेला कागद त्यावर तासभर चिकटवून ठेवला की थर मऊ पडतो आणि जुन्या एटीएम कार्डानेही निघतो. फिल्टरच्या मोटरीतला लहानसा पंखा अडकला असेल तर त्यालाही याच पाण्यात बुडवावे. मोटर जळाली असे समजून फेकलेल्या कित्येक फिल्टरांत प्रत्यक्षात क्षार आणि केस अडकलेले असतात.

जंतूंसाठी गावात हाताशी असलेले औषध म्हणजे विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात ओल लागली की तो झपाट्याने उतरतो, त्यामुळे वास मंदावलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. दहा लिटरच्या बादलीत सुमारे दहा ग्रॅम पावडर कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरच्या निवळीत जाळी, नळ्या, स्पंजाचे सांगाडे अर्धा तास बुडवून ठेवावेत. घरगुती ब्लीच वापरायचे असल्यास एक भाग ब्लीचला वीस भाग पाणी घ्यावे, आणि दहा-पंधरा मिनिटांत वस्तू बाहेर काढाव्यात. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नयेत. दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. आधी थर काढावा, वस्तू भरपूर पाण्याने धुवावी आणि मगच क्लोरीनकडे वळावे. शेवटी उरलेला क्लोरीन घालवायला हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतात. डार्करूमच्या काळात फोटोग्राफर हेच खडे वापरत, आणि मत्स्यदुकानातले अँटिक्लोरीनही सहसा हेच असते.

क्लोरीनला सहज दाद न देणारा एक जंतू आहे, मायकोबॅक्टेरियम मरायनम. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांतून त्याचे वर्णन झाले. हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद. तो सुमारे 30 ते 33 अंशांना चांगला वाढतो, म्हणून माणसाच्या थंड राहणाऱ्या हातापायांच्या कातडीत शिरतो आणि महिनोन्महिने न भरणारी गाठ किंवा जखम करतो. बोटाला चीर असताना जुन्या टाकीतला गाळ उपसणे धोक्याचे आहे ते याच कारणाने. रबरी हातमोजे घालणे अजिबात अतिरेक नव्हे. काच आणि जाळ्या 70 टक्के अल्कोहोलने पुसल्या तर हा जंतू मरतो. मात्र टाकी ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोल लावू नये, त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते.

पूर्व विदर्भातल्या उन्हाळ्यात जंतुनाशनाचे निम्मे काम फुकटात होते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी पूर्ण कोरडेपणात टिकत नाही, आणि नवतपाच्या उन्हात काच, जाळी, गोटे चार-पाच दिवस ठेवले तर ओलावा कुठेच उरत नाही. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि हूड मात्र सावलीत वाळवावेत, कारण तीव्र उन्हात ते ठिसूळ होतात. एअरस्टोन, लाकूड आणि जुना स्पंज यांच्या छिद्रांत काय दडले आहे ते कळत नाही. आधीच्या टाकीतले मासे कशाने मेले हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर या वस्तू फेकून द्याव्यात. तसेच टाकीत मोरचूद वापरले होते का, हे विचारून घ्यावे. त्यातले तांबे गोट्यांत मुरते. माशांना ते फारसे जाणवले नाही तरी झिंगे आणि गोगलगायी त्याने मरतात. फवारणीची बादली धुऊन टाकीसाठी वापरणे हा तर शेतकरी घरातला नेहमीचा घात.

या सगळ्याला एकच अपवाद आहे. टाकी चालू असेल, तिच्यातले मासे डोळ्यांदेखत निरोगी असतील, तर तिच्या फिल्टरमधला स्पंज धुवू नये, वाळवू नये आणि क्लोरीनजवळही नेऊ नये. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू त्यावर वसलेले असतात. नव्या टाकीत ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तो स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्याचे झाकण सैल ठेवून, काही तासांत नव्या टाकीत पोहोचला तर हा काळ खूप कमी होतो. दुकानात टांगून वाळलेल्या ‘चालू’ फिल्टरला हा मान नाही. त्यातले जीवाणू मेलेले असतात आणि उरतो तो कुजका गाळ.

विजेच्या वस्तूंत हीटरकडे संशयाने पाहावे. त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर मासे शिजतात. बादलीत थर्मामीटर टाकून दिवसभर चाचणी घ्यावी, आणि बंद केल्यावर पंधरा मिनिटे थांबूनच तो पाण्याबाहेर काढावा, नाहीतर काच तडकते. खरे तर या भागात त्याची गरज हिवाळ्यातल्या काही रात्रींपुरतीच. खरा प्रश्न उलटा आहे. पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 35 अंशांना सातच्या आसपास. मे महिन्यात घरात ठेवलेली टाकीही तापते आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. त्यामुळे जुन्या सामानातून पैसे खर्चून वाचवावी अशी वस्तू म्हणजे हवेचा पंप. त्यातला रबरी पडदा थोडक्या पैशांत बदलतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवला, की वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात येत नाही.

धुतलेले पाणी कुठे टाकायचे, याला भंडारा जिल्ह्यात इतर ठिकाणांहून अधिक महत्त्व आहे, कारण इथे गावोगावी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. 1988 मध्ये ईशान्य भारतातून देशात शिरलेला माशांचा व्रणरोग मरळीला विशेष झोडपतो, आणि तो शोभेच्या गुरामीतही आढळतो. टाकीतल्या वनस्पतींचेही तसेच. याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर तलावांतली बेशरम नावाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तिथे परदेशी पाणवनस्पतींची एक फांदी सोडणे म्हणजे तेच काम नव्याने ओढवून घेणे. म्हणून गाळ व वनस्पती उन्हात कडक वाळवून पुराव्यात, आणि पाणी तलावापासून दूर, झाडांच्या आळ्यात सोडावे. क्लोरीनचे पाणी आधी दोन दिवस उघड्यावर ठेवावे.

टाकीबरोबर कधी कधी काच चाटणारा सकर मासाही फुकट मिळतो. पुढे तो फूटभराचा झाला की त्याला बोडीत सोडण्याचा मोह होतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनीच्या जलाशयात आणि आंध्र-तेलंगणाच्या पाण्यात सापडला आहे. त्याचे काटेरी कवच जाळी फाडते आणि बाजारात त्याला भाव नाही. असा मासा घेऊच नये. आलाच, तर तो दुकानदाराला परत द्यावा.