रस्ता सार्वजनिक, परवाना रहिवाशांचा

वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन परगणा लागतो. तेथे विमानतळाच्या शेजारी, १९६० नंतरच्या दशकात, क्रिस्टल सिटी नावाची कचेऱ्या, दुकाने व उंच इमारती यांची वसाहत उभी राहिली, आणि तिच्या पश्चिमेस असलेल्या ऑरोरा हायलँड्स या शांत वस्तीचे स्वास्थ्य हरपले. कारण मोटारीने कामावर येणारे चाकरमाने आपली वाहने दिवसभर तेथील घरांपुढे उभी करून कचेरी गाठीत, आणि बाजारहाट करून परतणाऱ्या रहिवाशाला स्वतःच्या दारी थांबावयास जागा उरत नसे.

परगण्याच्या मंडळाने यावर जो नियम केला, तो आज अमेरिकेतील अनेक शहरांत रूढ असलेल्या निवासी परवाना-पद्धतीचा नमुनाच म्हणता येईल. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ५ या वेळात तेथे मोटार उभी करण्याची मुभा केवळ परवानाधारकांना; आणि परवाना मिळावयाचा तो रहिवाशांना, त्यांच्याकडे कामानिमित्त येणाऱ्यांना व काही पाहुण्यांना, तोही विनामूल्य. मात्र हा अंमल वाटेल त्या गल्लीत बसविता येत नव्हता. रस्त्यावरील ७५ टक्क्यांहून अधिक जागा भरलेल्या आहेत, आणि व्यापारी भागाकडे जाणाऱ्यांनी २५ टक्क्यांहून अधिक जागा अडविल्या आहेत, असे आधी मोजणीने ठरावे लागे. नुसत्या तक्रारीवर न विसंबता मोजदाद मागणारी ही अट मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

क्रिस्टल सिटीत नोकरी करणाऱ्या काही जणांनी याविरुद्ध फिर्याद केली, आणि त्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. रस्ता जर सार्वजनिक, तर त्यावर घर असणाऱ्याला एक न्याय आणि नसणाऱ्याला दुसरा, हे राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाशी कसे जुळावे? व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य करून नियम अवैध ठरविला. परंतु ११ ऑक्टोबर १९७७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. लोकांना मोटारीऐवजी अन्य साधनांनी कामावर येण्यास प्रवृत्त करणे, हवेचे प्रदूषण, गोंगाट, कचरा व रहदारीचे धोके कमी करणे, हे हेतू शासनाने बाळगावेत यात काही गैर नाही, आणि रहिवासी व बाहेरचा असा भेद त्या हेतूंना तर्काने पोषक असेल तर घटनेची त्याला हरकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी जुलैत क्रिस्टल सिटीत भुयारी रेल्वेचे स्थानक उघडले होते, त्यामुळे ‘अन्य साधने’ हे शब्द निदान तेथे तरी पोकळ नव्हते.

न्यायालयाने हक्काचा प्रश्न निकालात काढला; जागेचा प्रश्न त्याच्या हातचा नव्हता. हा परवाना म्हणजे एखाद्या विशिष्ट जागेची सनद नव्हे, तर जागा शोधीत हिंडण्याची परवानगी आहे, ही गोष्ट परवाना हाती आल्यावरच पुष्कळांच्या ध्यानात येते. बोस्टनमध्ये तो वर्षानुवर्षे फुकट दिला जात आला आहे. आणि फुकट वस्तू जितकी मिळेल तितकी घेण्याची मनुष्याची प्रवृत्ती लक्षात घेता, परवाने उदंड आणि जागा मोजक्या अशी स्थिती झाली तर आश्चर्य कसले? क्षेत्र केवढे असावे हाही असाच नाजूक प्रश्न. वॉशिंग्टन शहराने वॉर्ड हेच परवान्याचे क्षेत्र मानले, आणि वॉर्ड विस्तीर्ण असल्यामुळे एका टोकाचा रहिवासी आपल्याच वॉर्डातील रेल्वे स्थानकापर्यंत मोटार नेऊन, तेथल्या कोणाच्या तरी दारात ती दिवसभर ठेवून, पुढे गाडीने कामावर जाऊ लागला. म्हणजे परका गेला आणि त्याच्या जागी घरचाच परका आला!

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी गृहस्थाला सर्वांत जाचते ते या परवान्यातील पाहुण्यांचे कलम. हळदीकुंकवाला किती सुवासिनी येणार याचा अंदाज यजमानीणबाई जसा वाणांसाठी घेते, तसाच तिला तेथे पाहुण्यांच्या पासांसाठीही घ्यावा लागतो, आणि आयत्या वेळी ‘सहज आलो’ म्हणून टपकणाऱ्या भावोजींच्या काचेवर दंडाची चिठ्ठी लागण्याचा संभव असतो.

डोनाल्ड शूप या अर्थशास्त्राभ्यासी प्राध्यापकाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात असे प्रतिपादन केले की, फुकट वाहनतळाची किंमत कोणी ना कोणी भरीतच असतो. त्याची तजवीज अशी की, बाहेरच्याला रस्त्यावर मज्जाव न करता त्याच्याकडून यथायोग्य भाडे घ्यावे आणि ते उत्पन्न त्याच वस्तीच्या पदपथांवर, झाडांवर, दिव्यांवर खर्चावे. कोलोरॅडोतील बोल्डर शहराने निवासी गल्ल्यांत नोकरदारांनाही काही थोडे परवाने पैसे घेऊन देण्याची प्रथा ठेवली. दिवसा रहिवाशांच्याच मोटारी बाहेर गेलेल्या असतात, तेव्हा मोकळी जागा ओस का ठेवावी, हा त्यामागील साधा हिशेब. आर्लिंग्टननेही २०१७ साली नवी क्षेत्रे घोषित करणे थांबवून आपल्या पद्धतीची फेरतपासणी केली आणि २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. घरापुढचा सरकारी रस्ता रहिवाशाला फुकट आणि बेमुदत बहाल करणे, ही माझ्या मते नवी वतनदारी होय. त्याला अग्रहक्क जरूर द्यावा, पण त्याचे मोल घेऊन.

आपल्याकडे पुण्यात, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीने गांजलेल्या सदाशिव किंवा नारायण पेठेतील रहिवाशांनी असा परवाना महापालिकेकडे मागावयाचे ठरविले, तर त्यांनी अर्जासोबत दोन आकडे अवश्य जोडावेत : गल्लीत जागा किती, आणि त्यांपैकी आपल्याच घरच्या वाहनांनी अडविलेल्या किती.