घराची किंमत सांगण्याचा परवाना

मुलुंड, नाहूर, कांजूर आणि बोरिवलीतल्या कित्येक सोसायट्यांना २००६ च्या सुमारास कळलं की, आपल्या इमारतीखालची जमीन सरकारदप्तरी 'खाजगी वन' आहे. १९५० च्या दशकात वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने त्या जमिनी सरकारकडे आल्या, असा दावा होता. दरम्यान महापालिकेच्या परवानगीने तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉईसच्या प्रकरणात तो निकाल फिरवला: राजपत्रात छापलेली नोटीस पुरेशी नाही, ती मालकाला बजावलेली हवी. मधली वर्षं त्या घरांचे व्यवहार अडले. भिंती त्याच, पाणी तेच, स्टेशन तेवढंच लांब. बदलली होती फक्त कागदावरची एक नोंद.

व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा, होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुण इंजिनिअरला मी आधी ही हकीकत सांगेन.

रीतसर वाट अशी. कंपनी कायदा २०१३ चं कलम २४७ आणि १८ ऑक्टोबर २०१७ चे नियम यांनुसार नोंदणी होते ती दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे. 'जमीन व इमारत' या वर्गासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षं पुरतात. मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संस्थेचं सभासदत्व घ्यायचं, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम करायचा आणि संगणकावरची परीक्षा द्यायची. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

पण या शिक्क्याने सगळी दारं उघडत नाहीत. १९५७ च्या संपत्ती कर कायद्यातली कलम ३४एबीची नोंदणी वेगळी. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपला, तरी थकीत कर्जाचं घर सरफेसी कायद्याखाली विकताना बँकेला लागणारा 'अप्रूव्हड व्हॅल्युअर' नियमांत ३४एबीवालाच आहे. शिवाय प्रत्येक बँकेचं पॅनेल निराळं. एकाच कामासाठी इतके शिक्के असणं मला घातक वाटतं, कारण चुकलेल्या अहवालाचा जाब नेमका कोणी विचारायचा हे त्यात हरवतं. अमेरिकेत बचत-कर्ज संस्था बुडाल्यावर १९८९ मध्ये कायदा आला आणि राज्याराज्यांत व्हॅल्युअरला परवाना सक्तीचा होत गेला. आपल्याकडे तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये व्हॅल्युअर विधेयकाचा मसुदा दिला. त्याचा कायदा झालेला नाही.

परीक्षेत सूत्रं येतात, उपनगर येत नाही. अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगरच्या लष्करी प्रक्षेपण केंद्राभोवती १९७६ च्या अधिसूचनेने उंचीवर बंधन आहे. घाटकोपर, विलेपार्ले, अंधेरी पूर्व इथे विमानांच्या मार्गामुळे 'फनेल झोन' आहे. अशा जागी चार मजली जुन्या सोसायटीची किंमत पूर्ण एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) धरून काढली, तर आकडा कागदावर फुगतो आणि पुनर्विकासाची आशा लावून बसलेली माणसं फसतात. जुन्या इमारतीची खरी किंमत बांधकामात फारशी उरलेली नसते, ती जमिनीत असते. म्हणून त्या जमिनीवर काय बांधता येईल हे आधी तपासायचं. मिळकत पत्रिका, सीटीएस क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), मंजूर नकाशा, इंडेक्स-२ हे सगळं टेप हातात घेण्याआधी वाचायचं. आणि टेप लावायचीच. जुन्या करारात बिल्ट-अप, जाहिरातीत सुपर बिल्ट-अप, आणि २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट: आतल्या पडभिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळून. कुठलं क्षेत्र कुठल्या दराने गुणलं, यावर अंधेरीत लाखोंचा फरक पडतो. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कापुरता आहे. शेजारच्या खऱ्या व्यवहारांची जागा तो घेत नाही.

सध्या बरंचसं काम ज्येष्ठांकडून येतं. १९७८ साली घाटकोपरला घेतलेला फ्लॅट आज विकायचा, तर भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची रास्त बाजारकिंमत धरता येते. २०१७ पर्यंत हे वर्ष १९८१ होतं. त्या दिवसाचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर त्यापेक्षा जास्त किंमत धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के कर आला, आणि त्याआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो. व्हॅल्युअरने दोन दशकांपूर्वीचे व्यवहार नीट शोधले नाहीत, तर आयुष्यभराच्या बचतीतून जास्तीचा कर जातो.

गृहकर्जात मात्र एक गोष्ट मला सर्वाधिक खुपते. व्हॅल्युएशनची फी बहुधा कर्जदार भरतो आणि अहवाल बँकेच्या फाईलमध्ये जातो. नव्या कायद्यात एकच कलम घालायला मिळालं, तर मी हे घालेन: ज्याने फी भरली त्याला अहवालाची सहीशिक्क्याची पूर्ण प्रत, कर्ज मंजूर होण्याआधी, मागितल्याशिवाय मिळावी.