आधी मुद्दा, मागून मजकूर

इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढ माणसाची अडचण व्याकरणाची असते, असा सार्वत्रिक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी आम्ही कामगारांना इंग्रजी अर्ज लिहावयास शिकवितो. आम्ही स्वतः सातवीत शाळा सोडली. इंग्रजी आले ते नोटिसा आणि करारनामे वाचून. तेव्हा ह्या विषयात आमचा अधिकार तो काय! परंतु अशुद्ध इंग्रजीमुळे अर्ज फेटाळला गेल्याचे आम्ही क्वचितच पाहिले. मुद्दा सापडला नाही म्हणून पडून राहिलेले अर्ज मात्र पुष्कळ पाहिले.

रंगखात्यातील एका कामगाराने दोन महिने उत्तर न आलेल्या अर्जाची नक्कल आणली. चौदा वर्षांची नोकरी, साहेबांचे उपकार, आईचे आजारपण, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: 'फॅन इज क्लोज्ड.' रंगाची वाफ बाहेर टाकणारा पंखा बंद होता. आता दार क्लोज्ड असते, पंखा नव्हे. पण ही चूक सुधारावयास अर्धे मिनिट पुरले. खरी चूक जागेची होती.

हा दोष बुद्धीचा नव्हे. आपल्या जुन्या पत्रांत 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' झाल्यावरच मजकुरास हात घालीत. इंग्रजी परिच्छेदाची रीत वेगळी. अलेक्झांडर बेन ह्या स्कॉटिश पंडिताने १८६६ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात, परिच्छेदाचा विषय पहिल्या वाक्यात दिसावा, असा दंडक घातला. अमेरिकेचे रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो आणि पौर्वात्य लेखन वळसे घेते, असे आकृती काढून मांडले. ती मांडणी फार ढोबळ म्हणून तिच्यावर टीका झाली, ती योग्यच. असो.

आम्ही प्रथम लेखणी खाली ठेवावयास लावतो आणि मराठीत विचारतो, "साहेब जिन्यात भेटले, एकच वाक्य बोलावयास सवड आहे. काय बोलाल?" तो म्हणाला, "पंखा दुरुस्त करा." झाला मुद्दा! मग बाकीच्यांनी साहेब होऊन उलटतपासणी केली. कोणता पंखा? फवारणीच्या खोलीतला. कधीपासून बंद? दिवाळीपासून. त्याने काय होते? "फार त्रास होतो." येथे आम्ही अडविले. 'फार त्रास', 'अत्यंत त्रास', 'असह्य त्रास' ही एकाच गोष्टीची पुनरुक्ती आहे, विस्तार नव्हे. पुन्हा विचारल्यावर तो म्हणाला, "दुपारनंतर चौघांना चक्कर येते. फोरमनला दोनदा सांगितलं." हा विस्तार! प्रत्येक उत्तराचे एक इंग्रजी वाक्य केले. सहा वाक्यांत अर्ज पुरा झाला. जे वाक्य कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते, ते गाळले.

आईचे आजारपण गाळा म्हणताच मात्र तो अडून बसला. "भाऊ, तेच तर माझं खरं दुःख आहे." खोदून विचारले तेव्हा कळले, तिला इस्पितळात न्यावयास त्याला चार दिवसांची रजा हवी होती. ती त्या दोन पानांत कोठेच मागितलेली नव्हती. आम्ही दुसरा कागद पुढे केला. तो अर्ज त्याने एकट्याने लिहिला, आणि रजा पहिल्याच वाक्यात मागितली.