रानातील निशाणांची शहानिशा

नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी रानातून वाट काढीत धावण्याच्या ओरिएंटीअरिंग नामक शर्यतीला, १९१९ साली एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश सैन्याधिकाऱ्याने स्टॉकहोमच्या परिसरात दोनशेहून अधिक स्पर्धक उतरवले तेव्हापासून, उत्तर युरोपात मोठीच लोकमान्यता लाभली. परंतु धावणाऱ्याची वाहवा करणाऱ्या प्रेक्षकांच्या हे क्वचितच ध्यानी येते की, त्या रानात कितीतरी आधी दोन माणसे, एक मार्ग आखणारा व दुसरा त्याचा तपासनीस, चिखल तुडवीत फिरून गेलेली असतात.

मार्ग आखणे म्हणजे निशाणे दडवून ठेवणे, हा समज निखालस चुकीचा होय. पांढऱ्या व नारिंगी रंगांचे, तीस सेंटीमीटर बाजूचे, कंदिलासारखे तिपैलू कापडी निशाण ज्या खडकाशी वा खळग्यात असल्याचे नकाशात जाहीर केले आहे, तेथे पोहोचणाऱ्यास ते दिसलेच पाहिजे. झुडपाआड लपवलेले निशाण कौशल्याची नव्हे, नशिबाची परीक्षा घेते. खरी परीक्षा दोन निशाणांच्या दरम्यान असते: टेकडी सरळ चढून जावे, की पायवाटेने वळसा घेऊन दम राखावा, असा पेच ज्याला रचता येतो तोच जातिवंत आखणारा. शिवाय निशाणाकडे येण्याची व तेथून निघण्याची वाट एकच पडू नये, हीही तजवीज त्याला करावी लागते. नाहीतर परतणारा धावपटू मागून येणाऱ्याला फुकटचा वाटाड्या होतो.

नियोजित जागी आखणारा आगाऊ एक रंगीत फीत बांधून तीवर क्रमांक लिहितो, आणि तपासनीस, त्याला सोबत न घेता, केवळ नकाशाच्या भरवशावर ती शोधत निघतो. स्प्रूसच्या दाट झाडीत शेजारी-शेजारी दोन सारखेच खळगे असले, की एकात उभ्या असलेल्या आखणाऱ्याला आपण दुसऱ्यातच आहोत असे अगदी प्रामाणिकपणे वाटू शकते, आणि एकदा तसे वाटले म्हणजे तो दहा वेळा आला तरी त्याच चुकीवर शिक्कामोर्तब करून जातो. म्हणून तपासनीस निराळ्या बाजूने येतो; ओढ्यांचा संगम, दगडी कुंपणाचा कोपरा असे निःसंशय ठिकाण धरून, होकायंत्राने दिशा घेऊन, पावले मोजीत. पंधरा हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे भुईवरचे पंधरा मीटर. तेवढ्यात फसगत व्हायला पुष्कळ वाव असतो. फीत सापडली नाही, तर कसूर आखणाऱ्याची, नकाशा काढणाऱ्याची की स्वतःची, याची शहानिशा दोघांनी जागेवर जाऊन करायची. आणि निर्णय लागेना, तर ती जागा, कितीही मनाजोगती असली तरी, सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

शर्यतीच्या दिवशी पहाटे, निशाणे लागल्यावर, प्रत्येक ठिकाणी पुन्हा फिरून क्रमांकाची व नोंद घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची अखेरची खातरजमा होते. कारण एक निशाण भलत्याच खडकाशी लागले, तरी त्या मार्गावर धावलेल्या सर्वांचा निकाल रद्द करण्याची पाळी येऊ शकते. पहिला धावपटू सुटला, की आखणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तो अंतिम रेषेजवळ उभा राहतो, आणि रानातून प्रथम परतणारा धापा टाकीत काय बोलतो, तिकडे त्याचे कान लागलेले असतात.