फायटिंग गेम सोपा केला की बिघडतो का? नवखे आणि कसलेले खेळाडू एकाच गेममध्ये रमवायचे तरी कसे?

फेब्रुवारी २०१६ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर ५' बाजारात आणला. मार्चअखेरपर्यंत २० लाख प्रती खपतील, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात आकडा १४ लाखांवरच थांबला. सात वर्षांनी, २ जून २०२३ रोजी 'स्ट्रीट फायटर ६' आला आणि साधारण पाच आठवड्यांत त्याने २० लाखांचा टप्पा गाठला.

पाचवा भाग फक्त प्लेस्टेशन ४ आणि पीसीवर आला होता, तर सहावा एक्सबॉक्सवरही मिळत होता. त्यामुळे विक्रीत थोडा फरक पडणारच. पण खरा बदल गेमच्या आत होता. नव्याने हातात कंट्रोलर घेणारा माणूस आणि स्पर्धेत लाखोंच्या बक्षिसासाठी खेळणारा माणूस, या दोघांना एकाच गेममध्ये कसं ठेवायचं, या जुन्या प्रश्नाचं उत्तर कॅपकॉमने वेगळ्या पद्धतीने शोधलं होतं.

फायटिंग गेममध्येच हा प्रश्न इतका अवघड का?

लुडोमध्ये सात वर्षांची नात आजोबांना हरवू शकते, कारण फासा कोणाच्याही बाजूने पडतो. टीम असलेल्या गेममध्ये नवखा खेळाडू चांगल्या साथीदारांच्या जोरावर जिंकून जातो. फायटिंग गेममध्ये यातलं काहीच नसतं. समोर एकच प्रतिस्पर्धी, नशिबाचा वाटा अगदी कमी आणि हरल्यावर दोष द्यायला दुसरं कोणी नाही. शेकडो तास खेळलेल्या माणसासमोर कालच गेम घेतलेला माणूस बसला, तर त्याला बहुतेक वेळा एकही राउंड मिळत नाही.

आर्केडच्या काळात याला एक व्यवहारी उत्तर होतं. जिंकणारा मशीनवर उभा राहायचा, हरणारा पुन्हा नाणं टाकायचा किंवा बाजूला उभा राहून बघत शिकायचा. घरी कन्सोलवर हरलेला माणूस गेम बंद करतो आणि दुसरा लावतो.

इथे नुकसान फक्त त्याचं होत नाही. बुद्धिबळ शिकून घरात कोणी खेळायलाच नसेल, तर पट माळ्यावर जातो. फायटिंग गेमचंही तसंच आहे. नवे लोक टिकले नाहीत, तर ऑनलाइन सामना मिळायला वेळ लागू लागतो, मग कसलेल्या खेळाडूंनाही तेच ते दहा-वीस जण भेटत राहतात आणि हळूहळू तेही पांगतात. म्हणून नवख्यांची सोय पाहणं म्हणजे जुन्या खेळाडूंवर अन्याय, असं मानणं चूक आहे. जुन्यांचे उद्याचे प्रतिस्पर्धी त्या नवख्यांमधूनच यायचे असतात.

'टेकन ३' मध्ये काहीही बटणं दाबून जिंकता कसं यायचं?

भारतात अनेकांची फायटिंग गेमशी ओळख 'टेकन ३' मुळे झाली. हा गेम १९९७ साली आर्केडमध्ये आणि १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आला. त्यातला ब्राझीलचा एडी गोर्डो हे पात्र घ्यायचं, लाथांची बटणं धडाधड दाबायची आणि समोरच्याला गोंधळात टाकायचं, हा उद्योग अनेकांनी केला असेल.

ही गेमची चूक म्हणता येणार नाही. टेकनची मांडणीच अशी आहे की चार मुख्य बटणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. डावा ठोसा हवा तर डाव्या हाताचं बटण. पहिल्या मिनिटाला पडद्यावर काहीतरी भारी घडतं आणि ते आपण घडवलं असं वाटतं. एडीच्या कापोएरा शैलीत एका लाथेतून दुसरी लाथ निघते, त्यामुळे अंदाधुंद बटणं दाबली तरी ती नाचासारखी दिसते.

पण ही चलाखी ठरावीक पातळीपर्यंतच चालते. कोणती लाथ वरून येते, कोणती खालून येते आणि कोणत्या लाथेनंतर एडी क्षणभर उघडा पडतो, हे समोरच्याला कळलं की जादू संपते. तिथून पुढे खरा गेम सुरू होतो. त्या खोलीत किती दूर जाता येतं, हे पाकिस्तानच्या अर्सलान ॲशने दाखवलं. लाहोरच्या आर्केडमध्ये तयार झालेल्या या खेळाडूने २०१९ साली 'टेकन ७' मध्ये जपान आणि लास व्हेगास अशा दोन्ही ठिकाणच्या इव्हो स्पर्धा जिंकल्या. इव्हो ही फायटिंग गेमची जगातली सर्वांत मानाची स्पर्धा मानली जाते.

म्हणजे एकाच गेमला दोन दारं होती. एक रस्त्यालगतचं, सताड उघडं. दुसरं बरंच आत, मेहनतीने उघडणारं.

अवघड काय असतं? बोटं की डोकं?

फायटिंग गेममधला अवघडपणा दोन प्रकारचा असतो. पहिला हाताचा, दुसरा निर्णयाचा.

१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये सहा बटणं होती, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. 'हादोकेन' हा ऊर्जेचा गोळा फेकायचा तर जॉयस्टिक खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागे. उडी मारून येणाऱ्याला हाणून पाडणारा 'शोर्युकेन' आणखी कठीण होता. आधी पुढे, मग खाली, मग तिरकं खाली-पुढे आणि ठोसा. पुढे 'स्ट्रीट फायटर ४' मध्ये काही कॉम्बो असे होते की पुढचं बटण नेमक्या एका फ्रेममध्ये दाबावं लागायचं. एका सेकंदात ६० फ्रेम असतात, तेव्हा ही फट किती बारीक होती याची कल्पना येईल. हा झाला हाताचा अवघडपणा.

निर्णयाचा अवघडपणा वेगळा. समोरचा आता उडी मारेल की गोळा फेकेल? आपण थांबावं की पुढे सरकावं? त्याने दोनदा खाली लाथ मारली, तर तिसऱ्यांदाही मारेल का? हा भाग कधी संपत नाही, कारण समोर माणूस असतो.

अडचण अशी की नवख्याला दुसऱ्या भागापर्यंत पोहोचताच येत नाही. प्रतिस्पर्धी उडी मारणार हे त्याला बरोबर कळतं, पण शोर्युकेन निघत नाही. कॅरममध्ये कोणती सोंगटी मारायची हे कळूनही स्ट्रायकर भलतीकडे जावा, तसं.

मग हाताचा भाग काढूनच टाकावा का? तेही इतकं सरळ नाही. 'स्ट्रीट फायटर' मध्ये मागची दिशा धरून ठेवली की बचाव होतो. शोर्युकेनसाठी मात्र आधी पुढची दिशा द्यावी लागते, म्हणजे क्षणभर बचाव सोडावा लागतो. त्या हालचालीतच जोखीम दडलेली असते. एका बटणावर शोर्युकेन दिला, तर ती जोखीम आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ, दोन्ही कमी होतात. सोय दिली की कुठेतरी तिची किंमत लावावी लागते.

'स्ट्रीट फायटर ५' चं काय चुकलं?

पाचव्या भागात कॉम्बो चौथ्यापेक्षा सोपे होते. बटण थोडं आधी दाबलं तरी गेम ते सांभाळून घ्यायचा. तरीही हौशी लोक फार आले नाहीत.

कारण त्यांना करायला काही नव्हतं. एकेका प्रतिस्पर्ध्याला हरवत शेवटच्या खलनायकापर्यंत जायचा, वर्षानुवर्षं सवयीचा झालेला आर्केड मोड पहिल्या दिवशी गेममध्ये नव्हता. चित्रपटासारखी मोठी कथा काही महिन्यांनी आली. ऑनलाइन सर्व्हरही सुरुवातीला अडखळत होते. त्या वर्षीची कॅपकॉम प्रो टूर ही स्पर्धामालिका मात्र याच गेमवर खेळली गेली. स्पर्धकांसाठी आखाडा तयार होता, घरी संध्याकाळी अर्धा तास खेळणाऱ्याला बसायला जागा नव्हती. आर्केड मोड आला तो थेट जानेवारी २०१८ मध्ये.

हौशी खेळाडूला फक्त सोपी बटणं हवी असतात, हा समज इथे उघडा पडला. त्याला अनोळखी माणसाकडून मार न खाताही गेममध्ये वेळ घालवता यायला हवा असतो.

'स्ट्रीट फायटर ६' ने काय बदललं?

सहाव्या भागाने दोन्ही बाजू हाताळल्या. 'वर्ल्ड टूर' या भागात आपलं पात्र घडवायचं, शहरात फिरायचं, रयू आणि चुन-ली यांना गुरू करून एकेक डाव शिकायचा. कथा पुढे जाते आणि नकळत सरावही होतो.

दुसरा बदल कंट्रोलचा. 'क्लासिक' मध्ये जुनी सहा बटणं कायम राहिली. 'मॉडर्न' मध्ये हल्ल्याची तीनच बटणं, आणि खास डाव एक बटण व एका दिशेने निघतात. या सोयीची किंमत अशी की सोप्या पद्धतीने काढलेल्या खास डावाची इजा २० टक्क्यांनी कमी होते आणि काही साधे ठोसे-लाथा मिळतच नाहीत. तोच डाव मॉडर्नमध्ये जुन्या पद्धतीने, जॉयस्टिक फिरवून काढला तर इजा पूर्ण होते. म्हणजे शिकण्याचा रस्ता त्याच कंट्रोलमध्ये ठेवला आहे. 'डायनॅमिक' हा तिसरा प्रकार त्याहून सोपा आहे. त्यात कोणता हल्ला करायचा हे बरंचसं गेमच ठरवतो, म्हणून तो ऑनलाइन सामन्यांत चालत नाही.

गल्लीतल्या खेळात लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. त्याला आउट धरत नाहीत, पण त्याच्या धावाही कोणी मनावर घेत नाही. डायनॅमिक कंट्रोल तसाच आहे, घरच्या घरी गंमत म्हणून. मॉडर्न वापरणारा मात्र कच्चा लिंबू नाही. तो क्लासिकवाल्याशी त्याच रांगेत लढतो आणि त्याचा विजय पूर्ण धरला जातो. सवलत आणि तिची किंमत, दोन्ही उघड असल्यामुळे वाद होतात, पण ते किमतीच्या आकड्यावर होतात.

स्पर्धकांनी या गेमकडे पाठ फिरवली का? उलट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये लास व्हेगासच्या इव्हो स्पर्धेत एकट्या 'स्ट्रीट फायटर ६' साठी ७ हजारांहून अधिक खेळाडूंनी नाव नोंदवलं.

जास्तच सोपं केलं तर काय होतं?

याचं उदाहरण निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' मालिकेत सापडतं. २००१ च्या 'मेली' मध्ये खेळाडूंनी इतकी बारीक तंत्रं शोधली की तो वेगवान स्पर्धात्मक खेळ बनला. २००८ चा पुढचा भाग 'ब्रॉल' बराच संथ होता. त्यात धावताना पात्र मध्येच, कोणतीही चूक नसताना, घसरून पडायचं. नशिबाचा वाटा वाढवून ताकदीतलं अंतर कमी करण्याचा हा एक मार्ग. चार मित्रांच्या घोळक्यात याने हशा पिकत असेल, पण महिनोन्महिने सराव केलेल्याला त्या घसरण्यात मेहनत वाया गेल्यासारखी वाटायची.

अनेकांनी 'मेली' सोडलाच नाही. २०१३ च्या इव्होमध्ये कोणता गेम घ्यायचा हे स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठीच्या देणग्यांवरून ठरणार होतं, तेव्हा 'मेली'च्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. बारा वर्षं जुना गेम त्यामुळे मंचावर परतला. घसरून पडण्याचा प्रकार निन्टेन्डोने पुढच्या भागात काढून टाकला. २०१८ च्या 'अल्टिमेट' मध्ये धमालीच्या वस्तू ठेवल्या, पण त्या बंद करण्याची सोयही दिली. घरी वस्तू चालू, स्पर्धेत बंद. त्या गेमच्या ३ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

मग तोल साधायचा कसा?

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोटांचा अवघडपणा कमी केला तरी गेम उथळ होत नाही, पण निर्णयांचं मोल कमी केलं की होतो. मॉडर्न कंट्रोलमध्ये शोर्युकेन सहज निघतो, तरी तो केव्हा काढायचा हे खेळाडूलाच ठरवावं लागतं. चुकीच्या वेळी काढला तर शिक्षा तीच. 'ब्रॉल'च्या घसरण्यात मात्र योग्य निर्णयालाही शिक्षा होती.

नवख्याने हरू नये, अशी व्यवस्था कोणताही फायटिंग गेम करू शकत नाही. दोघांपैकी एक जण हरणारच. पण आपण का हरलो हे त्याला समजलं, आणि पुढच्या वेळी करायचं काय हे त्याच्या हातांना जमण्यासारखं असलं, तर तो पुन्हा सामना लावतो. त्याने सामना लावला, तरच पलीकडे वाट पाहणाऱ्या कसलेल्या खेळाडूलाही कोणीतरी भेटतं.